ओटीतली शेवंती

रिटायर झाल्यावर फोन कमी होतील असं वाटलं होतं. कसलं काय. सकाळी चहाचं आधण ठेवावं तर फोन वाजतो आणि पलीकडून कुणीतरी रामराम-नमस्कार काही न करता थेट विचारतं, "म्याडम, फोटो टाकलाय, बघितला का?" फोटो बघावा तर त्यात पान कमी अन् अंगठा जास्त. पान असलंच तर वरच्या बाजूनं. मी म्हणते, "बाबा, पान उलटं करून काढ." तो म्हणतो, "उलटं करून काय दिसणार, म्याडम? ती तर मागची बाजू हाये." हे एक वाक्य ऐकण्यात माझी सगळी नोकरी गेली.

हिंगोली जिल्ह्यात मी कृषी सहायक होते. गावात जिला 'शेतीवाल्या म्याडम' म्हणतात, ती. सोयाबीन, हळद, हरभरा ही आमची मोठी पिकं, मीटिंगाही त्यांच्याच. फुलांना आमच्याकडं कुणी शेती मानत नाही. अर्ध्या एकरात झेंडू, विहिरीजवळ चार ओळी शेवंती, हा घरातल्या बायकांचा उद्योग समजतात. त्यामुळं फुलांची तक्रार आली की साहेब म्हणायचे, "हे तुम्हीच बघा, तुमचा विषय आहे." माझा विषय म्हणजे मी बाई होते, एवढाच. पण त्या फुलांपायी मी लाल कोळ्याच्या मागं लागले ती कायमची.

लाल कोळी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, याला आठ. घरात जाळं विणणारा कोळी असतो ना, त्याच्या भावकीतला, पण सुईच्या टोकाएवढा. पानाच्या पाठीमागं बसून रस ओढतो. वरून बघितलं तर आधी पानावर बारीक पांढुरके ठिपके दिसतात, कुणी रवा भुरभुरल्यासारखे. मग पान पिवळट होतं, मग तांबूस. शेवटी शेंड्याला अन् कळ्यांना बारीक जाळी धरते. जाळी दिसायला लागली म्हणजे उशीर झालेला असतो. ओळखायची रीत सोपी आहे. पानाखाली पांढरा कागद धरायचा, पानाला टिचकी मारायची आणि जरा थांबायचं. कागदावर धूळ पडते. त्यातली थोडी धूळ चालायला लागली की समजून घ्यायचं. हे दाखवलं की माणूस आधी कागदाकडं बघायचा, मग माझ्याकडं, मग स्वतःचा शर्ट झटकायचा.

याला ऊन आवडतं, कोरडी हवा आवडते, पानावर बसलेली धूळ आवडते. आवडत नाही ते पाणी. पंपाचं नोझल वर करून पानाच्या पाठीमागून जोरात पाणी मारायचं, दोन-तीन दिवसांनी परत मारायचं, अंडी फुटतील तसं परत. निम्मं काम तिथंच होतं. पण हे औषध फुकटचं, त्यामुळं त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. माणूस दुकानात जाऊन म्हणतो, "जहाल काय हाये ते द्या." दुकानदार जहाल देतो. ते जहाल असतं कीटकनाशक. त्यानं कोळ्याला खाणारे बारके ढालकिडे आणि दुसरे मित्रजीव मरून जातात, आणि लाल कोळी राहतो मागं, मोकळ्या रानात. पंधरवड्यात पहिल्यापेक्षा दुप्पट. मग तोच माणूस परत दुकानात जाऊन आणखी जहाल मागतो. याला कोळीनाशकच लागतं, नाहीतर पाण्यात विरघळणारं गंधक, तेही ऊन कलल्यावर मारायचं. आणि तेच ते औषध सारखं मारायचं नाही, कोळी त्याला सरावतो. हे मी किती गावांत, किती पारांवर सांगितलं त्याला सुमार नाही. लोक मान डोलवायचे आणि उठून जहाल आणायला जायचे.

शिकलेल्यांचं काही वेगळं होतं असं नाही. हिंगोलीत एक रिटायर क्लार्क होते, सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची. गच्चीवर गुलाबाच्या कुंड्या, एकूण एक कुंडी कोळ्यानं धरलेली. नजर लागू नये म्हणून एका झाडाला काळी बाहुलीसुद्धा टांगली होती. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही करता काय काय?" ते अभिमानानं म्हणाले, "रोज सकाळी ओल्या फडक्यानं प्रत्येक पान पुसतो." मी विचारलं, "फडकं एकच?" म्हणाले, "एकच. स्वच्छ असतं." मी म्हणाले, "म्हणजे तुम्ही कोळ्याला रोज सकाळी सगळ्या गच्चीवर फिरवून आणता." त्यांना ते फार लागलं. पुढच्या वेळी गेले तर दोरीवर फडक्यांची रांग, प्रत्येकावर कुंडीचा नंबर. बाहुली तिथंच होती. माणसानं एका वेळी एकच गोष्ट सोडावी.

पण मला सांगायचं आहे ते एका शेवंतीच्या प्लॉटचं, आणि त्या प्लॉटपायी घराबाहेर निघायची वेळ आलेल्या एका सुनेचं.

नरसीच्या अलीकडं रस्त्याला लागून ते गाव आहे. नामदेव महाराजांच्या दर्शनाला येणारी माणसं नरसीत हारफुलं घेतात, त्यातली बरीच शेवंती या गावातनं जाते. तिथल्या भागवत नावाच्या पोराचा मला फोन आला. दसरा तोंडावर आलेला, ऊन असं की डोक्यावरचा पदर तापावा. म्हणाला, "म्याडम, शेवंती जळून राहिली. माय म्हणती, उपटून टाका. अन् बायकोला बी माहेरी धाडा म्हणती." मी म्हणाले, "बायकोचा काय संबंध?" तो म्हणाला, "तुमी या, मग कळंल."

गेले. बांधावर भागवतची आई उभी होती, कौसाबाई, माझ्याच वयाची, गुडघ्यानं अधू पण जिभेनं खणखणीत. लांब लिंबाच्या झाडाखाली सून बसलेली, अश्विनी. मी चप्पल काढून आत पाय टाकणार तेवढ्यात कौसाबाई आडवी आली. आवाज खाली घेऊन म्हणाली, "म्याडम, राग मानू नका. तुमचे... दिस तर न्हाईत ना?"

मी म्हणाले, "बाई, माझं ते बंद होऊन जमाना झाला."

"मग जा," ती म्हणाली. "देवाला जातंय ना फूल, म्हणून विचारलं. विटाळ झाला की पान असं तांबडं पडतं. ह्या सुनेनं शिवाशिव पाळली न्हाई बराबर. बघा काय करून ठिवलं."

विटाळ हा शब्द मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आम्ही बौद्ध. माझी आजी दुसऱ्याच्या रानात दिवसभर निंदायची आणि त्याच रानातल्या विहिरीवर तिला पाणी शेंदू देत नसत. वरनं ओंजळीत ओतायचे. कौसाबाईला माझं आडनाव माहीत होतं. त्या आडनावाला तिनं आत जाऊ दिलं, सुनेला नाही. याचा आनंद मानावा की काय करावं, ते मला उन्हात सुचलं नाही. मी आत गेले.

प्लॉट वाईट धरला होता. त्या घरची जुनी शेवंती पांढरी. विहिरीकडच्या कोपऱ्यात मात्र काही ओळी पिवळ्या शेवंतीच्या होत्या, आणि त्या पार गेलेल्या. शेंडे जाळीनं बांधलेले, कळ्या आवळलेल्या. तिथून जसजसं रस्त्याकडं यावं तसतसा कोळी कमी. शेवटच्या ओळींत नुसते ठिपके. आग कुठं लागली आणि कुठवर आली ते आमच्या धंद्यात पानांवर वाचता येतं. मी भागवतला विचारलं, "ही पिवळी कुठली?"

"तिच्या माहेरची," तो म्हणाला. "कुरुंद्याकडची."

कुरुंद्याच्या बाजूला मी आधी काम केलं होतं. तिकडच्या फुलं करणाऱ्या काही घरांत एक रीत आहे. लेक पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्या ओटीत तांदूळ, खण, नारळ, आणि ओल्या फडक्यात बांधलेले शेवंतीचे फुटवे घालतात. बुडाशी जी लहान लहान रोपं फुटतात ती. लेकीनं ती सासरच्या रानात लावायची. फुटवे औषधाच्या पाण्यात बुडवून मग लावा, म्हणून मी तिकडं घसा कोरडा केला होता. पण ओटीतलं रोप औषधात कोण बुडवतं? ते तर मायच्या हातचं असतं. अश्विनीनं ते तसंच कोपऱ्यात लावलं, दर उन्हाळ्याला वाढवलं. माहेरी गेली की आणखी घेऊन यायची. पिवळ्याला बाजारात मागणी जास्त, त्यामुळं पहिल्यांदा कौसाबाईलाही त्याचं कोण कौतुक. गल्लीभर सांगत फिरायची म्हणे, माझ्या सुनेनं सोनं आणलं ओटीत.

मी बांधावर परत आले. कौसाबाईनं विचारलं, "आता सांगा म्याडम. हे आलं कुठून?"

हा आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न. रोग कुठून आला ते कळल्याशिवाय औषध देऊन उपयोग नसतो. मी खरं सांगावं, तर कौसाबाई उद्या गावभर म्हणणार की सरकारच्या म्याडमनंच सांगितलं, सुनेच्या पावलानं आलं. मग त्या पोरीला दिवाळी माहेरी, आणि कदाचित पुढचंही सगळं तिकडंच. न सांगावं, तर पिवळ्या ओळी तशाच राहणार आणि कोळी परत येणार. मी ज्या गोष्टी खऱ्या होत्या आणि कुणाला टोचणार नव्हत्या त्या आधी सांगितल्या. रस्त्याचं काम चाललंय, धूळ पानावर बसते. ऊन कडक आहे. युरिया जास्त झालाय, कोवळं पान कोळ्याला आवडतं. आणि भागवतनं जहाल तीनदा मारलंय, त्यानं मित्रकिडे मेले. भागवत खाली बघायला लागला.

"कोळ्याला बाईचे दिवस कळत नसतात, बाई," मी म्हणाले. "तो आठ पायांचा किडा आहे. हा बघा." कागदावरची चालणारी धूळ मी तिला भिंगातून दाखवली.

तिनं बराच वेळ बघितलं. बाई काही कच्ची नव्हती. भिंग परत देत म्हणाली, "हाये खरं. पण मग तिच्याच ओळीपासून काहून सुरू झालं?"

मी भिंग पुसून पिशवीत टाकायला लागले. तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला.

"माझ्या रोपावरूनच आलं, म्याडम," अश्विनी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती, पण पुढं आली नव्हती. "मायच्या प्लॉटमधी व्हतं, तेच आलं. मला पहिले दिसलं व्हतं. एकाच झाडावर व्हतं. पान उलटून बघितलं तर धूळ चालून राहिली व्हती."

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही धुतलंस?"

"दुसऱ्या दिवशीच मी बाजूला बसले. चार दिस आत यायचं न्हाई. हितून सांगितलं ह्यांला, खालून पानी मारा म्हणून. कोण ऐकतंय? ह्यांनी जहाल आणलं. चार दिस झाले तवर ओळ गेली, अन् मग आत्याबाईनं मला आत येऊच दिलं न्हाई."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ सावकाश शेवंतीवर उतरली, आम्ही सगळे तिच्याकडं बघत राहिलो.

शेतकऱ्याच्या बांधावर आवाज चढवायची माझी सवय नाही. त्या दिवशी चढला. मी म्हणाले, "साऱ्या घरात पान उलटून बघणारं एकच माणूस होतं, त्याला तुम्ही झाडाखाली बसवलं. ही आत असती तर एका झाडावर भागलं असतं. रोप हिनं आणलं हे खरं आहे. कोळी वाढवला तो तुम्ही." कौसाबाई माझ्याकडं बघत नव्हती, सुनेकडंही नाही, गुडघा दाबत बसली होती.

भागवतनं हळूच विचारलं, "मग आता करायचं काय?"

मी सांगितलं. पिवळ्या ओळी सगळ्या उपटायच्या. ओढत न्यायच्या नाहीत, जागेवरच खताच्या पोत्यात भरून तोंड बांधायचं आणि लांब नेऊन जाळायच्या. पांढरीला खालून पाणी, मग कोळीनाशक, मग परत पाणी. याला दोन माणसं लागतात, एकानं झाड वाकवून धरायचं, दुसऱ्यानं नोझल फिरवायचं. आणि सोयाबीनची काढणी चाललेली, मजूर बाई कितीही रोज दिला तरी मिळत नव्हती. हे कौसाबाईला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. अश्विनी पदर खोचून बांध ओलांडून आत आली, तेव्हा सासू आडवी आली नाही.

मायच्या हातची झाडं तिनं स्वतः उपटली. एकेक करून, न झटकता, मी सांगितलं तशी. शेवटच्या ओळीला थांबली आणि मला विचारलं, "एक ठिवू का म्याडम? कुंडीत, घराकडं?" मी नाही म्हणाले. घर प्लॉटला लागून होतं, दुसरं काही म्हणता आलं नसतं. तिनं तेही उपटलं आणि पोत्यात घातलं. माझं उत्तर बरोबर होतं, आणि आठवलं की आजही मला वाईट वाटतं.

पुढच्या आठवड्यात परत गेले. पाठीवर पंप घेऊन अश्विनी आत होती. कौसाबाई वाकून तिच्यासमोर झाडं धरत होती, दर दोन झाडांमागं कण्हत होती. मला बघून ती लगबगीनं बांधावर आली आणि कानाशी लागली.

"म्याडम, हिचे दिस हायेत आज. पन तुमी पानी आजच मारायला सांगितलं व्हतं. बोलू नका कुठं."

मी म्हणाले, "मी कशाला बोलते?"

"अन् ही फुलं नरसीला देवाला द्यायची न्हाईत, असं ठरवलंय. हिंगोलीच्या बाजारात देतो."

"बाजारातनं ती कुठं जातात, बाई?"

तिनं जरा विचार केला. "ते आता घेणाऱ्याच्या डोक्यावर," ती म्हणाली आणि परत झाडं धरायला गेली.

निम्मी शेवंती वाचली. दिवाळीला फुलांचा तोडा आला. अश्विनी सासरीच राहिली. ऑफिसात मी हे मोठ्या हौसेनं सांगायला गेले तर साहेबांनी हळदीवरच्या करपा रोगाचा रिपोर्ट मागितला. तरी बरीच वर्षं मी मनात म्हणत होते की नोकरीत काही केलं असेल तर ते त्या बांधावर. पुढं मी रिटायर झाले, गुडघे माझेही गेले.

परवा अश्विनीचा फोन आला. तिचा फोटो आधीच येऊन पडला होता. पानाच्या मागच्या बाजूचा, स्वच्छ, अंगठा न येता काढलेला. दोन झाडांना ठिपके दिसत होते, बाकी प्लॉट चांगला. मी सासूची चौकशी केली.

"आत्याबाईनं आता अंथरूणच धरलंय. प्लॉट सगळा माझ्याकडंच हाये."

मला राहवलं नाही. विचारलं, "आणि बाजूला बसायचं?"

ती हसली. "त्याचं आता काई न्हाई, म्याडम. निंदायला जाते, धुवायला जाते, औषध मारते. आत्याबाई सोताच म्हणतात, जा. फकस्त तोडायच्या दिवशी बांधावर बसते. फुलाला तेवढा हात लावू देत न्हाईत."

राग आला होता, पण कुणावर काढावा ते कळेना. ती पोरगी तर तक्रारसुद्धा करत नव्हती, खुशाली सांगत होती. तिला राबायची मुभा मिळाली होती, आणि मी इतकी वर्षं त्यालाच जिंकणं समजत होते.

"म्याडम, हाय ना तुमी?" ती म्हणाली. "गंधक किती टाकू, पंपाला?"

मी प्रमाण सांगितलं. ऊन कलल्यावर मार, नाहीतर पान करपेल, हेही सांगितलं. बाकीचं तिला काय सांगावं हे नोकरीत मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आता ते शोधून काढायला माझ्या अंगात त्राण उरलेलं नाही.